डरहॅम बुल्सच्या मैदानावर पहिल्यांदा जाताना

नॉर्थ कॅरोलिनात कॅरी, मॉरिसव्हिल, एपेक्स या भागात नव्याने राहायला आलेल्या घरांत पहिल्या उन्हाळ्यात हा विषय निघतोच. बेसबॉल एकदा बघायचा आहे, पण कुठे? मेजर लीगचा सामना बघायचा तर वॉशिंग्टन किंवा अटलांटा गाठावं लागतं, म्हणजे चार ते सहा तासांचं ड्रायव्हिंग आणि वर हॉटेलचा खर्च. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतील तर तो बेत बहुतेक वेळा बोलण्यातच राहतो. माझ्या मते पहिल्या सामन्यासाठी एवढ्या लांब जाऊच नये. डरहॅम शहराच्या मध्यात डरहॅम बुल्स अ‍ॅथलेटिक पार्क आहे. स्थानिक लोक त्याला नुसतं डीबॅप म्हणतात. मायनर लीगचं मैदान म्हणून नाक मुरडण्यासारखं तिथे काही नाही. उलट नवख्या माणसाला खेळ इथे जास्त कळतो, कारण खेळाडू जवळ दिसतात, तिकीट हलकं असतं आणि सामना अर्ध्यावर सोडून निघालात तरी मनाला लागत नाही.

आधी हे समजून घ्या: मायनर लीग म्हणजे काय

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर एकेक संघ असतो. सगळे मिळून १२० होतात. सगळ्यात वरच्या पायरीला ट्रिपल-ए म्हणतात. डरहॅम बुल्स १९९८पासून टँपा बे रेज या संघाचा ट्रिपल-ए संघ आहे. इथला पिचर ताशी ९५ मैलांनी, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर वेगाने चेंडू टाकतो आणि त्याचं कुणाला फारसं कौतुकही वाटत नाही. आज तुमच्यासमोर खेळणारा मुलगा पुढच्या आठवड्यात टीव्हीवर मेजर लीगमध्ये दिसू शकतो. डेव्हिड प्राइस, ब्लेक स्नेल, इव्हान लाँगोरिया हे सगळे इथूनच वर गेले. दुखापतीतून सावरणारा एखादा मोठा खेळाडूही सरावासाठी दोन-चार दिवस इथे खेळून जातो.

यात एक मेख आहे. वरच्या संघाला गरज पडली की इथला चांगला खेळाडू हंगामाच्या मध्येच उचलला जातो, त्यामुळे आवडता खेळाडू धरून बसण्यात अर्थ नाही. निकालालाही मेजर लीगइतकं वजन नसतं. बुल्स जिंकत नाहीत असं मात्र समजू नका. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं ते ट्रिपल-एचे राष्ट्रीय विजेते होते. तरीही शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारून बघा, काल कोण जिंकलं हे त्याला धड आठवत नसतं. म्हणून दिवस आणि जागा निवडताना सामना कुणाशी आहे याला महत्त्व देऊ नका, तुमच्याबरोबर कोण येणार आहे ते बघा. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

पायरी १: दिवस निवडा

हंगाम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतो आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात संपतो. आता एका पाहुण्या संघाशी मंगळवार ते रविवार असे सलग सहा सामने होतात. सोमवारी सहसा सुट्टी असते. रात्रीचे सामने साधारण साडेसहाच्या पुढेमागे सुरू होतात, रविवारचे त्याआधी. नेमकी वेळ तिकिटावर बघूनच घ्या, महिन्यागणिक ती थोडी हलते.

गर्दीचं गणित इथेच सांगतो. मैदानाची क्षमता १०,००० आहे. १९९५ साली उघडलं तेव्हा ती साडेसात हजारांच्या आसपास होती. संघ ट्रिपल-ए झाला आणि जागा वाढवावी लागली. कोविडच्या आधीच्या काही हंगामांत वर्षाची प्रेक्षकसंख्या पाच लाखांपुढे गेली होती. सत्तरेक सामन्यांत ती वाटली तर सरासरी सात हजार निघते. मायनर लीगमध्ये हा आकडा मोठाच आहे. पण सरासरीवर विसंबू नका. एप्रिलमधल्या मंगळवारी शाळा चालू असतात, संध्याकाळी गारवा असतो आणि रांगाच्या रांगा मोकळ्या दिसतात. जूनमधल्या शुक्रवारी तेच मैदान भरून जातं. ४ जुलैचं तिकीट तर आठवडे आधी काढलेलं बरं.

आणखी एक गंमत. सामन्याच्या उत्तरार्धात त्या दिवशीची प्रेक्षकसंख्या जाहीर होते. आकडा ऐकून तुम्ही आजूबाजूला बघाल आणि एवढी माणसं कुठे आहेत असं मनात येईल. अमेरिकन बेसबॉलमध्ये जाहीर होणारा आकडा सहसा किती तिकिटं गेली त्याचा असतो, किती माणसं फाटकातून आत आली त्याचा नसतो. कंपन्यांनी हंगामभरासाठी घेतलेल्या आणि त्या दिवशी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्याही त्यात येतात.

आता कुणाबरोबर कोणता दिवस. आई-बाबांना न्यायचं असेल तर मे महिन्यातला मधल्या वारातला सामना सगळ्यात चांगला. हवा बरी असते, पार्किंग मिळतं आणि पायऱ्यांवर ढकलाढकली नसते. लहान मुलं असतील तर शुक्रवार बघा, बऱ्याच शुक्रवारी सामना संपल्यावर आतषबाजी असते. मात्र अगदी तान्ह्या बाळाला आणू नका, आणायचंच झालं तर कानांवर बसणारे हेडफोन सोबत ठेवा, आवाज छातीत घुमतो. जुलै-ऑगस्टमधली रविवार दुपार टाळा. इथला दमट उकाडा मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल आणि उघड्या खुर्च्या अक्षरशः भाजतात.

बेसबॉल जमेल की नाही अशी शंका असेल तर वसंतात एक सोपी सोय आहे. ड्यूक विद्यापीठाच्या संघाचे काही सामनेही या मैदानावर होत आले आहेत. यंदा इथे आहेत का ते आधी तपासा. त्या सामन्यांना गर्दी कमी आणि वातावरण निवांत असतं.

पायरी २: तिकीट आणि जागा

तिकीट संघाच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. ते फोनमध्येच येतं. निघण्यापूर्वी घरीच उघडून ठेवा, फाटकाजवळ शेकडो फोन एकाच वेळी नेटवर्क शोधत असतात. पंधरा-वीस कुटुंबं मिळून जाणार असाल तर संकेतस्थळावर न अडकता गट-तिकिटांसाठी सरळ फोन करा. एकत्र जागाही मिळतात आणि दरही कमी पडतो.

कुठे बसायचं? बेसबॉलचं मैदान पंख्याच्या आकाराचं असतं. खालच्या टोकाला होम प्लेट, म्हणजे बॅटर उभा राहतो ती जागा. तिथून उजव्या हाताला पहिला बेस, डाव्या हाताला तिसरा. बेस म्हणजे धावणाऱ्याने क्रमाने गाठायचे थांबे, सगळे गाठून तो होम प्लेटला परतला की एक धाव होते. होम प्लेटच्या थेट मागे चेंडूची हालचाल उत्तम दिसते, पण समोर जाळी असते आणि तिकीट महाग. पहिल्या खेपेला पहिल्या बेसच्या बाजूला बसा असं मी सुचवेन. बहुतेक धावपळ त्या बेसवर होते आणि तिथून डाव्या कोपऱ्यातली भिंत आणि बैल हे दोन्ही समोर येतात. त्यांच्याबद्दल पुढे येईलच. गुडघे दुखणाऱ्या मंडळींसाठी रांगेच्या कडेची खुर्ची घ्या. व्हीलचेअर असेल तर तिकीट काढतानाच तसं निवडा, त्यासाठी वेगळ्या जागा असतात. वरच्या रांगांवर छप्पर आहे. ऊन आणि पाऊस दोन्हींपासून तेवढा आडोसा पुरतो, म्हणून उन्हाळ्यात मी खालच्या महागड्या खुर्चीपेक्षा वरची स्वस्त खुर्ची घेईन.

पायरी ३: पोचायचं कसं

कॅरी-मॉरिसव्हिलकडून आय-४० घ्या, तिथून ८८५ नंबरच्या रस्त्याने पुढे १४७ नंबरचा डरहॅम फ्रीवे पकडा आणि डाउनटाउनला उतरा. मैदान फ्रीवेच्या अगदी कडेला, ब्लॅकवेल स्ट्रीटवर आहे. आसपास पैसे देऊन उभी करण्याची बहुमजली पार्किंग आहेत. शेजारीच डीपॅक नावाचं मोठं नाट्यगृह आहे. तिथे त्याच रात्री प्रयोग असेल तर पार्किंगची पंचाईत होते, म्हणून सामन्याच्या दिवशी त्यांचंही वेळापत्रक बघून घ्या. असा योग जुळून आलाच तर तासभर आधी पोचा किंवा दोन-तीन चौक लांब लावून चालत या.

आगगाडीची हौस असेल तर कॅरीहून अ‍ॅमट्रॅकने डरहॅमला येता येतं. स्टेशनपासून मैदान दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे. परतीची गाडी सामना संपण्याच्या वेळेशी जुळते का, हे आधी तपासा.

लवकर पोचलात तर समोरच्या अमेरिकन टोबॅको कॅम्पसमध्ये फिरा. पूर्वी तिथे लकी स्ट्राइक सिगारेटचा कारखाना होता. तो १९८७ साली बंद पडला आणि २००४ साली त्याच विटांच्या इमारतींत ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आली. लकी स्ट्राइक लिहिलेली पाण्याची टाकी आणि धुराडं अजून जागेवर आहेत आणि मधून कृत्रिम ओढा वाहतो. ज्येष्ठांना सामन्यापेक्षा हीच जागा जास्त आवडते असं मी अनेकदा पाहिलं आहे.

संघाचं नावही तंबाखूतूनच आलं. ‘बुल डरहॅम’ हा तंबाखूचा ब्रँड एकोणिसाव्या शतकात देशभर गाजला होता. त्यावरचा बैल कोलमन कंपनीच्या मोहरीच्या डब्यावरून उचललेला. ती मोहरीही इंग्लंडची आणि मूळ डरहॅमही इंग्लंडचंच. संघ १९०२ साली स्थापन झाला तेव्हा तर त्याचं नावच ‘टोबॅकोनिस्ट्स’ होतं.

पायरी ४: फाटकातून आत

पिशव्यांचे नियम मैदानागणिक वेगळे असतात आणि बदलतातही. आदल्या दिवशी संकेतस्थळावर पिशवीचा आकार, पाण्याची बाटली आणि बाहेरचे खाद्यपदार्थ याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. थेपले-चटणीचा डबा घेऊन जाण्याचा मोह आवरा, तो फाटकावरून परत गाडीत ठेवायला जावं लागू शकतं. लहान बाळाचं खाणं किंवा औषधं असतील तर तपासणीच्या वेळी आधीच सांगा. कार्ड जवळ असू द्या, रोख पैशांवर विसंबू नका.

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, चंगळही होत नाही. सालासकटचे भाजलेले शेंगदाणे, पॉपकॉर्न, प्रेट्झेल, पिझ्झा, फ्राइज एवढं मिळतं. शेंगदाण्याची सालं पायाशी टाकायची असतात, इथे तीच रीत आहे. आईंना ते पटणार नाही, त्या साली कागदात गोळा करतील, करू द्या. दोन गोष्टी मात्र विचारूनच घ्या. फ्राइज चिकनच्याच तेलात तळतात का? आणि नाचोजवर चिली घालू का असं विचारलं तर आधी नको म्हणा, त्यात बहुधा बीफ असतं. बिअर घ्यायची तर वय दाखवणारं ओळखपत्र लागतं. सत्तरीच्या सासऱ्यांनाही विचारलं जाऊ शकतं, त्यांचा पासपोर्ट जवळ ठेवा.

पायरी ५: बसल्यावर काय बघायचं

डावीकडची उंच निळी भिंत आधी बघा. तिला ब्लू मॉन्स्टर म्हणतात. बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या हिरव्या भिंतीवर बेतलेली ही भिंत ३२ फूट उंच आहे. त्या कोपऱ्यात होम प्लेटपासूनचं अंतर फक्त ३०५ फूट, म्हणजे ९३ मीटर आहे. क्रिकेटच्या सीमारेषेची सवय असलेल्याला ९३ मीटर म्हणजे केवढा षटकार, पण बेसबॉलमध्ये ते अंतर कमीच. मध्यभागी तेच ४०० फूट, सुमारे १२२ मीटर आहे. कमी अंतराची भरपाई उंचीने केली आहे. त्यामुळे इथे एक खास प्रकार घडतो. एरवी होम रन (भिंतीपलीकडे गेलेला फटका, क्रिकेटच्या षटकारासारखा) झाला असता असा सपाट, जोरकस फटका भिंतीवर आदळून खाली पडतो आणि बॅटरला दुसऱ्या बेसवर समाधान मानावं लागतं. उलट उंच उडालेला साधा फटका कधीकधी अलगद भिंतीपलीकडे जातो. याच भिंतीत जुन्या पद्धतीचा, हाताने पाट्या बदलण्याचा धावफलकही आहे.

भिंतीच्या वर उभा आहे तो बैल. १९८८ साली आलेल्या ‘बुल डरहॅम’ या चित्रपटासाठी जुन्या मैदानावर असा बैल उभारला होता. लोकांना तो इतका आवडला की त्याची परंपराच पडली. चेंडू बैलाला लागला तर खेळाडूला स्टेक, गवताला लागला तर सॅलड, असं त्यावर लिहिलेलं आहे. बुल्सच्या खेळाडूने होम रन मारला की त्याचे डोळे लाल होतात, शेपटी हलते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. पाहुण्यांच्या होम रनला तो ढिम्म. मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर नेमकं त्याच क्षणी ती पॉपकॉर्नमध्ये गुंतलेली असतात. या चित्रपटाचं वेड इथे एवढं की त्यातल्या क्रॅश डेव्हिस या पात्राच्या मानार्थ संघाने ८ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली आहे.

आता खेळ. क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाने सगळे नियम पाठ करून जायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा: प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि एका डावात तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. चेंडू पहिल्या आणि तिसऱ्या बेसकडे जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेषांच्या आत मारला तरच फटका धरतात. बाहेर गेला तर फाउल. मागे मारलेल्या सुंदर ‘लेट कट’ला इथे किंमत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे चेंडू आत मारला की पळावंच लागतं. मारून जागेवर उभं राहण्याची सोय बॅटरला नाही. बॅटरने हुकवलेला किंवा मारण्याजोगा असून सोडलेला चेंडू म्हणजे स्ट्राइक, मारण्याजोगा नसलेला आणि सोडलेला चेंडू म्हणजे बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल झाले की पहिला बेस फुकट. सामना बरोबरीत संपत नाही. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर पुढच्या प्रत्येक डावात दुसऱ्या बेसवर आयता एक धावपटू उभा करून खेळ पुढे नेतात.

सुरुवातीचे दोन-तीन डाव चेंडूमागे नजर पळवू नका. पिचरचा हात, बॅटरची प्रतिक्रिया आणि धावफलकावर पडलेला वेग, एवढंच बघा. नंतर बेसवरच्या धावपटूकडे लक्ष द्या. तो चोरपावलांनी पुढे सरकतो आणि संधी साधून पुढचा बेस चोरतो. नाट्य तिथे आहे, आणि टीव्हीवर ते निम्मंही दिसत नाही.

ट्रिपल-एमध्ये आणखी एक गोष्ट बघायला मिळते. मेजर लीगमध्ये आणण्याआधी नवे नियम इथे तपासले जातात. बॉल की स्ट्राइक याबद्दल पंचाचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) डोक्याला हात लावून आव्हान देतो. मोठ्या पडद्यावर चेंडूचा मार्ग उमटतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. त्यामागे हॉक-आयचं तंत्रज्ञान आहे, तेच जे क्रिकेटच्या डीआरएसमध्ये वापरतात. बाबा ते बघून आपोआप सावरून बसतात. निर्णय लगेच मागावा लागतो आणि डगआउटकडे बघून सल्ला घेता येत नाही, हे त्यांना जरूर सांगा.

चेंडू तुमच्याकडे आला तर

फाउल झालेला चेंडू प्रेक्षकांत आला की तो तुमचा. परत द्यायचा नाही. क्रिकेटच्या सवयीने आपले लोक तो मैदानात फेकतात आणि आजूबाजूचे हळहळतात. शेजारी लहान मूल असेल तर त्याला देण्याची पद्धत आहे, सक्ती नाही. मात्र जाळी संपते त्यापुढच्या भागात बसला असाल तर पिचर चेंडू टाकत असताना फोनमध्ये डोकं घालू नका. चेंडू कडक असतो आणि विचार करायला वेळ मिळत नाही. मुलांना आतल्या खुर्चीवर बसवा.

दोन डावांच्या मधल्या वेळात वुल ई. बुल हा संघाचा शुभंकर बैल मैदानात येतो, खेळ होतात, शर्ट उधळले जातात. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे उठून एक जुनं गाणं म्हणतात. शब्द येत नसले तरी उभे राहा, पाय मोकळे होतात.

पाऊस आणि परतीचा रस्ता

उन्हाळ्यातल्या संध्याकाळी इथे विजांसह सरी येतात. खेळ थांबला की लगेच गाडीकडे धावू नका. मैदानावर ताडपत्री पसरतात, छपराखाली थांबा, बऱ्याचदा तासाभरात खेळ पुन्हा सुरू होतो. सामना पुढे ढकलला तर तिकिटाचं काय करायचं ते संघ ईमेलने कळवतो, म्हणून तिकीट काढताना चालू ईमेल पत्ता द्या. राहिलेला सामना पुढे एखाद्या दिवशी दुसऱ्याला जोडून घेतात. तेव्हा दोन्ही सामने सात-सात डावांचे असतात. हे कळलं की मी मुद्दाम तसा दिवस गाठतो, एका तिकिटात दोन सामने होतात.

चेंडू टाकण्यावर घड्याळ आल्यापासून सामना अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो. मुलं कंटाळली तर सातव्या डावानंतर निघा, कुणी वाईट वाटून घेत नाही. आतषबाजी असेल तर मात्र आधी निघा किंवा ती संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तिथेच बसून राहा. मधल्या वेळेत पार्किंगच्या उतारावर गाड्या इंचाइंचाने सरकतात. दिवसाच्या सामन्यानंतर उजेड आणि उत्साह शिल्लक असेल तर उत्तरेला साधारण मैलभर चालून जुनं डरहॅम अ‍ॅथलेटिक पार्क बाहेरून बघा. १९२६ सालचं मैदान, चित्रपट तिथेच चित्रित झाला. १९९० साली त्या लहानशा जागेत बुल्सनी एका हंगामात तीन लाखांवर प्रेक्षक खेचले होते, आणि त्याच वर्षी नव्या मैदानासाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला होता. मैदान शेवटी शहराने वेगळ्या मार्गाने पैसे उभे करून बांधलं.

दुसऱ्या खेपेला याल तेव्हा तिसऱ्या बेसच्या बाजूचं तिकीट काढा. तिथून पहिल्या बेसवरचे अटीतटीचे निर्णय समोरासमोर दिसतात आणि एव्हाना पंचाशी वाद घालण्याइतपत नियम बाबांनाही आलेले असतात.